पालकांचाही केसपेपर काढा

माझा मुलगा सोळा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल करावं लागलं. त्याआधी आठ रात्री तो झोपला नव्हता. अकरावीची पुस्तकं जमिनीवर पसरून बसायचा, भिंतीवर पेन्सिलीने सूत्रं लिहायचा, पहाटे चारला शेजारच्यांचं दार वाजवून त्यांना काहीतरी सांगायला जायचा. बोलणं इतकं भरभर, की शब्दावर शब्द चढायचे. पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं, पोराला अभ्यासाची गोडी लागली. तिसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली. आठव्या दिवशी त्याचे वडील आणि माझा भाऊ त्याला गाडीत मधे बसवून घेऊन गेले, आणि मी कॉलेजात फोन करून सांगितलं की त्याला कावीळ झाली आहे.

काविळीला महिनाभर लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय लोक तिचं पथ्य विचारतात, कारण विचारत नाहीत.

हा लेख मी त्याला वाचून दाखवला आहे. एक परिच्छेद त्याने काढायला लावला, तो काढला. बाकीच्याला "असू दे" म्हणाला, म्हणून लिहिते आहे.

"अठराच्या आतला पेशंट आहे, कुणीतरी कायम सोबत लागेल," असं सिस्टरांनी सांगितलं. कॉट एकच होती. मी खाली चटई टाकली आणि त्याच्या चादरीचं टोक मुठीत धरून आडवी झाले. तो उठला तर चादर ओढली जाईल आणि मला जाग येईल, एवढाच विचार. अशा बारा रात्री काढल्या. धाकटी नऊ वर्षांची, ती आजीजवळ. पतसंस्थेतली माझी रजा सातव्या दिवशी संपली, पुढचे दिवस बिनपगारी. त्या बारा दिवसांत त्याचं वजन, झोप, रक्तदाब, गोळ्यांचा डोस, सगळं केसपेपरवर रोज चढत होतं, आणि चढायलाच हवं. मला मात्र कुणी विचारलं नाही की तुम्हाला झोप लागते का, घरी गेल्यावर काय करायचं ते कळलंय का, घरी दुसरं कोण आहे. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्या दाराबाहेर रोज माणसांची रांग असायची आणि रांगेत उभ्या असलेल्या पेशंटचा वेळ मी खावा असं मलाही वाटत नव्हतं. पण मला जे सांगायचं आहे ते त्या चटईपासूनच सुरू होतं.

सोबत थांबण्याचा नियम कायद्यातला आहे, आणि तो चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं ८७ वं कलम अल्पवयीन मुलांच्या दाखल होण्याविषयी आहे. मुलाला मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवायचं नाही. दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत कायद्याने नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायची. मुक्काम तीस दिवसांवर गेला तर मंडळाने त्याची तपासणी करायची. आणि नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे बहुतेक वेळा आईने किंवा वडिलांनी, किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने, मुलगा आत असेपर्यंत पूर्ण वेळ त्याच्याबरोबर राहायचं. एकट्या पडलेल्या मुलाशी बंद दारामागे काय काय होऊ शकतं हे ज्यांना माहीत होतं, त्यांनीच हे कलम लिहिलं असणार. त्यातलं अक्षरही कमी करू नये.

पण ज्या बाईला तुम्ही पूर्ण वेळ थांबा म्हणता, ती झोपणार कुठे, जेवणार काय, तिची रोजी कोण भरून देणार, आणि ती थांबली आहे तेवढ्यात तिला काही शिकवायचं का, यावर ते कलम गप्प आहे. आईवडिलांनी सही करायची, थांबायचं, गोळ्या द्यायच्या, फॉलोअपला आणायचं. एवढी सगळी कामं ज्यांच्यावर टाकली, त्यांना काय लागतं याचा हिशेब कुठेच नाही, असं मी बरेच दिवस समजत होते.

माझं ते समजणं चुकीचं होतं. त्याच कायद्याचं १८ वं कलम वाचलं तेव्हा मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सरकारने कोणत्या सेवा पुरवायच्या याची यादी त्यात आहे. ओपीडी आणि दाखल रुग्णांवरचे उपचार आहेत, मुलांसाठी वेगळ्या मानसिक आरोग्यसेवा आहेत, आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवाही आहेत. घरी राहून करायच्या पुनर्वसनाबरोबर, एका "किंवा"ला जोडून, तो शब्द तिथे स्वच्छ लिहिलेला आहे: कुटुंब. कायदा लागू होऊन सात वर्षं उलटून गेली. माझ्या ओळखीतल्या एकाही पालकाला ही ओळ कुणी दाखवलेली नाही, आणि मलाही ती कुठल्या दवाखान्यात कळली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. मानसोपचार घेणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना आधार देणं हा त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. तो कुणाच्या चांगुलपणावर सोडू नये. मुलाचा केसपेपर निघतो त्याच दिवशी आईवडिलांचाही निघावा. त्यावर औषध लिहायचं नाही. त्यांना काय सांगितलं, काय समजलं, घरात कोण कोण आहे, पुन्हा कधी बोलवायचं, एवढंच लिहायचं.

यात काय अडतं ते एका उदाहरणाने सांगते. डिस्चार्जच्या वेळी मुलाला लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, सुरू होतं. दिवसातून दोनदा गोळी आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी, एवढं मला कळलं होतं. पहिल्याच फॉलोअपला ओपीडीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी जत भागातली एक बाई बसली होती. तिची मुलगी चार वर्षं त्याच गोळीवर. तिने माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "ताई, मिठाचं पथ्य करू नका हां. उन्हातनं खेळून आला की पाणी प्यायला लावा. जुलाब लागलं, उलट्या लागल्या तर गोळी तशीच रेटू नका, आधी डॉक्टरला फोन लावा. आणि रक्त द्यायचं त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर द्या." अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते विषासारखं चढू शकतं, हे मला नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. पण त्याआधी काही आठवडे आजीने घरात सगळ्यांचंच मीठ कमी केलं होतं, नातवाचं डोकं थंड राहावं म्हणून. आणि तो रोज संध्याकाळी मैदानात फुटबॉल खेळायला जात होता.

जी माहिती पोराच्या जिवाशी खेळू शकते, ती मला बाकावर, योगायोगाने मिळाली. ती बाई त्या दिवशी आली नसती तर? हा प्रश्न मी अजूनही स्वतःला विचारते. जिल्ह्याजिल्ह्यातल्या ओपीडीबाहेर असे बाक आहेत आणि तिथे दर आठवड्याला अशी शाळा भरते. ती शाळा दाराच्या आत आणायला किती खर्च येणार आहे?

पालकांना आत घेतलं जात नाही, याची मुळं जुनी आहेत. मानसोपचाराच्या इतिहासात बराच काळ आईकडे मदतनीस म्हणून नव्हे, तर आजाराचं कारण म्हणून पाहिलं गेलं. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया "निर्माण करणारी" आई असा शब्द वापरला आणि तो पुढे कित्येक वर्षं चालला. ऑटिझमच्या मुलांच्या आयांना "फ्रिजसारख्या थंड" म्हटलं गेलं. तो समज खोडून काढायला १९६४ साली बर्नार्ड रिमलँड पुढे आले, ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या एका मुलाचे वडीलही होते. शास्त्राने ही मतं केव्हाच टाकून दिली. आमच्या घरी मात्र ती वेगळ्या वेशात रोज येतात. "तुमचे लाड नडले." "नोकरी करणाऱ्या आयांच्या मुलांचं असंच होतं." "बाहेरचं काही बघितलंत का?" सासरचे माहेरकडे बोट दाखवतात, माहेरचे सासरकडे. आणि आई रात्री छताकडे बघत गरोदरपणापासूनचे सगळे दिवस उलगडत बसते, कुठे चुकलं ते शोधत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचा अर्थ नेहमी उलटा लावला जातो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून पाहिलं की दवाखान्यातून घरी गेलेले काही रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, त्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त दिसलं. हे ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे घरच्यांचीच चूक. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. त्याच संशोधनाच्या वाटेने पुढे घरच्यांना आजार समजावून सांगितला गेला, त्यांना इतर कुटुंबांबरोबर बसवलं गेलं, भांडणाच्या वेळी काय करायचं ते शिकवलं गेलं, आणि आजार उलटण्याचं प्रमाण खाली आलं. गोळ्या होत्याच. गोळ्यांच्या जोडीला घरच्यांना शिकवल्याने हा फरक पडला. दमलेली, घाबरलेली, काहीच न सांगितलेली आई टीका करणार नाही तर काय करेल? मी केली आहे. "उठ की आता, किती झोपशील" हे मी त्याला औषधाची झापड असताना रोज सकाळी म्हणत होते, कारण ती झापड औषधाची आहे हे मला माहीत नव्हतं. चंडीगढमध्ये हाच अभ्यास झाला तेव्हा तिथल्या नातेवाइकांत लंडनपेक्षा टीका कमी आढळली, १९८७ साली ते प्रसिद्ध झालं. आपल्या घरांत देण्यासारखं काही आहे, असा मी त्याचा अर्थ घेते. फक्त ते घर मोडून पडण्याआधी त्याला हात द्यायला हवा.

आणि हात द्यायची रीत आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर अधीक्षक होते. रुग्णालय खचाखच भरलेलं, जागा नाही. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. घरच्यांनी शुश्रूषेत हात लावायचा, डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलायचं, आजार काय आहे ते सांगायचं. ज्या रुग्णालयांतून माणूस सहसा परत येत नाही असा लोकांचा समज होता, तिथून माणसं बरी होऊन घरच्यांबरोबरच घरी जाऊ लागली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने घरच्यांना सोबत ठेवणं ही उपचाराची पद्धतच केली, बंगळुरूच्या निमहान्समध्ये कुटुंबासाठी वॉर्ड झाला. जगाला यातून शिकण्यासारखं होतं, आणि जग शिकलंही. आपल्याच जिल्हा रुग्णालयांपर्यंत मात्र यातलं फक्त "सोबत थांबा" एवढं पोचलं. बोलणं आणि शिकवणं मधेच कुठेतरी गळून पडलं.

यावर एक आक्षेप असा येईल की सगळे आईवडील चांगले नसतात. तो मी बाजूला सारणार नाही. मारहाण करणारे बाप असतात, मुलीच्या आजाराचा उपाय म्हणून तिचं लग्न उरकणारी घरं असतात, आणि मुलाला त्रास ज्या माणसाचा तोच केबिनमध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. अशा मुलांना आईवडिलांशिवाय बोलता आलं पाहिजे, एकट्याने आणि विश्वासाने. माझा मुलगा डॉक्टरांना काय सांगतो ते सगळं मला कळावं अशी माझी मागणी नाही. कळू नये असंच मी म्हणेन. सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःचं असं काही हवं असतं, आजारी असला तरी. म्हणून तर मी वेगळ्या केसपेपरचं म्हणते. आधार म्हणजे ताबा नाही. पालकांशी बोलणारा माणूस निराळा असला, वेळ निराळी असली, की मुलाची गुपितं मुलाकडे राहतात आणि आईचं रडणं मुलाच्या कानांवर पडत नाही. जे घर धोक्याचं आहे ते ओळखू येण्याची शक्यताही घरच्यांशी बोलल्यानेच वाढते. न बोलता ते कसं कळणार?

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत हे खरंच आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, आणि लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षं वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. सर्वेक्षण झालेल्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुलं निराळ्या मातीची नाहीत. इतकी घरं डॉक्टरांनी एकट्याने सांभाळावीत असं मी म्हणतच नाही. मीठ-पाण्याचं सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती किंवा सिस्टर पुरते. महिन्यातून एकदा जिल्हा रुग्णालयातली एक खोली, दोन तास, वीस खुर्च्या. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ते कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते, पत्नीचा आजार त्यांनी घरात पाहिला होता, आणि जे काम हवं होतं ते त्यांनी आपल्या मुलखात येऊन सुरू केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने हीच वाट मोठी केली. आजारी माणसाला "शुभार्थी" आणि सांभाळणाऱ्याला "शुभंकर" म्हणायची रीत मराठीत रुळली, ती अशाच गटांतून. मला कुणी पहिल्यांदा "तुम्ही शुभंकर ना?" असं विचारलं तेव्हा मला रडू आलं होतं. तोपर्यंत मी फक्त "पेशंटबरोबरची बाई" होते. पुण्या-ठाण्यात जे होतं ते जत, किनवट, अक्कलकुव्यात का होऊ नये? तिथल्या आईने रात्री दोनला कुणाला विचारायचं? १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि घरचेही त्यावर बोलू शकतात, हे तरी प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ठळक छापा.

रजेचंही बोलायला हवं, कारण मन कितीही घट्ट केलं तरी पगार कापला की घर हलतं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या वडिलांना, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. मुलाच्या आजारपणासाठीही ती चालते. छान आहे. पण पतसंस्थेतली कारकून, एमआयडीसीतला टर्नर, कापडाच्या दुकानातली सेल्सगर्ल, ऊसतोडणीवरची जोडी, यांनी काय करायचं? दर महिन्याचा फॉलोअप म्हणजे एक दिवसाची रोजी आणि दोघांचं एसटी भाडं. विम्याचंही तसंच. मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या असं त्याच कायद्याचं २१ वं कलम सांगतं, पण विमा बहुतेक वेळा दाखल झाल्यावरच पैसे देतो, आणि हा आजार वर्षानुवर्षं ओपीडीतच सांभाळायचा असतो. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेली मुलं तिच्यात बसत नाहीत. ज्याच्यावर कायद्याने पूर्ण वेळ थांबण्याची सक्ती आहे, त्याला तेवढ्या दिवसांची भरपगारी रजा किंवा किमान वेतनाइतका भत्ता मिळावा, ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

वडिलांबद्दल कुणी फार लिहीत नाही. माझ्या नवऱ्याला वर्षभरात कुणी "तुम्ही कसे आहात" असं विचारलं असेल तर मला माहीत नाही. दवाखान्यात तो बहुतेक वेळ पार्किंगमध्ये गाडीजवळ उभा असायचा. आत यायचा तो बिलासाठी. लोक म्हणायचे, त्याला काही वाटत नाही. नंतर एकदा भिंतीवरची ती पेन्सिलीची सूत्रं पुसायला मी फडकं घेतलं तर तो म्हणाला, राहू दे. अजून आहेत ती. आणि धाकटी? त्या वर्षी तिने वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर "मला काही नको" म्हटलं. मला तेव्हा ती समंजस वाटली, आणि आज त्याच शब्दाची मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते. भावंडांसाठी तर कुठल्याच कागदावर रकाना नाही.

मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. डिप्लोमा करतो, गोळ्या स्वतः घेतो, मधे एकदा आजार उलटला होता, पण तेव्हा आम्हाला पहिल्या तीन रात्रींतच कळलं आणि दाखल करावं लागलं नाही. कळलं, कारण तोपर्यंत आम्ही शिकलो होतो: झोप कमी झाली, बोलणं वाढलं, खर्च वाढला की थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. हे शिकायला आम्हाला अडीच वर्षं लागली. कुणी नीट सांगितलं असतं तर दोन तास पुरले असते.

गेल्या आठ महिन्यांपासून आम्ही काही पालक दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. जतच्या त्या ताई दोन तासांचा प्रवास करून येतात. गेल्या रविवारी आम्ही जिल्हा रुग्णालयाला द्यायचा अर्ज लिहिला: कलम १८ प्रमाणे कुटुंबांना आधार देण्याची कोणती सेवा आपल्याकडे आहे, नसल्यास कधी सुरू होणार, आणि तोपर्यंत महिन्यातून एकदा आम्हाला एक खोली आणि एक सामाजिक कार्यकर्ती मिळेल का. अकरा जणांनी सह्या केल्या. नव्याने आलेल्या एका बाईंनी पेन हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. मुलीच्या सोयरिकीचं चाललंय म्हणाल्या, आजारी आहे तिच्या मोठ्या बहिणीची. त्यांना कुणी आग्रह केला नाही. अर्ज सोमवारी द्यायचा आहे, आणि अकराव्या सहीखाली आम्ही एक ओळ मोकळी ठेवली आहे.